न वाचलेल्या पाच ओळी

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी म्वानाइशा बाईंनी मुलाच्या खोलीचं दार ढकललं, तेव्हा खोली रिकामी होती. अंथरुणाची घडी घातलेली होती. खुंटीवरचं निळं जाकीट नव्हतं, पलंगाखालची बॅग नव्हती. कपाटाच्या वरच्या खणातलं पाकीट होतं, पण त्यातला पासपोर्ट नव्हता.

बाईंनी फोन लावला. तो बंद होता. सात वाजता पुन्हा लावला, मग साडेसातला. आठपर्यंत त्यांनी चहा दोनदा गरम केला आणि दोन्ही वेळा ओतून टाकला.

अथुमानी तेवीस वर्षांचा. वायरमनचं शिक्षण झालेलं, पण दोन वर्षांत नोकरी नाही. वडील नऊ वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून नैरोबीतल्या जेरिको वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत आई आणि मुलगा, एवढीच माणसं. भांडण कधी झालं नाही. भांडायला जेवढं बोलावं लागतं तेवढंही दोघं बोलत नसत. सकाळचं अभिवादन, जेवलास का, बाहेर जातोय, आलो. दिवसाची चार वाक्यं आणि चारही शुद्ध. म्वानाइशा बाईंनी चौतीस वर्षं स्वाहिली शिकवली होती. त्या मूळच्या लामू बेटावरच्या. तिकडची माणसं स्वाहिली बोलतात आणि नैरोबीची माणसं ती तुडवतात, असं त्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगत.

तुडवलेल्या भाषेला शेंग म्हणतात. स्वाहिलीचा सांगाडा, त्यावर इंग्रजीचं, किकुयूचं, लुओचं मिळेल ते मांस. जेरिकोतली पोरं जन्मतात तीच त्या भाषेत. बाईंच्या वर्गात मात्र तिच्यावर बंदी होती. दोरी ओवलेला एक लाकडी तुकडा होता. जो शेंग बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात तो पडे. त्याने दुसऱ्या कुणाला पकडून दिलं की तुकडा त्याच्या गळ्यातून त्या दुसऱ्याच्या गळ्यात. शेवटची घंटा वाजताना तो ज्याच्या गळ्यात असेल, त्याने वर्ग झाडायचा. पद्धत बाईंनी काढलेली नव्हती, आधीपासून होती. बाईंनी ती नेमाने चालवली, एवढंच.

नऊ वाजता त्या पोलीस चौकीत गेल्या. हवालदाराने वही उघडली.

"वय?"

"तेवीस."

"तेवीस? मग हरवलाय कसला, बाई. गेलाय. भांडण झालं होतं?"

"नाही."

"मुलगी?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे आहे." हवालदाराने पेन खाली ठेवलं. "शेवटचं काही बोलला? काही लिहिलं?"

इथे बाई घुटमळल्या. लिहिलं होतं. रविवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी अथुमानीचा निरोप व्हॉट्सॲपवर आला होता, पाच ओळींचा. पहिलाच शब्द 'मथे' असा होता. गल्लीतली पोरं आईला मथे म्हणतात, ते बाईंना ठाऊक होतं. मुलाने त्यांना तसं कधी म्हटलं नव्हतं. त्या तिथेच थांबल्या. चार वाजून पंधरा मिनिटांनी त्यांनी उत्तर धाडलं: 'या घरात ही भाषा चालत नाही. नीट लिही, मग वाचेन.'

त्याने परत लिहिलं नाही. संध्याकाळी सातला घरी आला, नारळाच्या रसातला मासा आणि मक्याच्या पिठाची उगाली जेवला, जेवण छान झालंय म्हणाला. सोमवारी रात्री त्याने आपल्या ताटाबरोबर त्यांचंही ताट घासलं. बाईंच्या ते तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. आता चौकीत उभ्या असताना आठवलं.

त्यांनी फोन पुढे केला. हवालदाराने निरोप दोनदा वाचला आणि मान हलवली.

"मी नैरोबीचा नाही, बोमेतकडचा. यातलं मला मथे तेवढं कळतं. पण हे तर तुम्हालाच लिहिलंय ना? काय लिहिलंय?"

"मला वाचता येत नाही."

"शाळेत गेला नाहीत?"

"मी शिक्षिका होते."

"काय शिकवायचात?"

"स्वाहिली," बाई म्हणाल्या.

हवालदाराने पेन पुन्हा उचललं. नाव, वय, जाकिटाचा रंग वहीत लिहून घेतला आणि दोन दिवसांनी या म्हणाला.

घरी येऊन बाईंनी चष्मा लावला आणि पाच ओळी कागदावर उतरवून घेतल्या. क्रियापदांच्या सुरुवातीला जोडलेली अक्षरं ओळखीची होती: मी, तू, आम्ही, गेलो, जाणार. त्यापुढे मात्र सगळं अंधुक. आपल्याच घरात शिरावं आणि प्रत्येक खाटेवर परका माणूस बसलेला असावा, तसं. घरातले तिन्ही शब्दकोश काढले. त्यांत काही सापडणार नाही हे त्यांना आधीच माहीत होतं, तरी काढले. तासाभराने ते परत फळीवर ठेवले, कागद पर्समध्ये घातला आणि त्या ओलुओचच्या सलूनकडे निघाल्या.

ओलुओच त्यांचा जुना विद्यार्थी. आता छत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, पत्र्याच्या सलूनचा मालक. लाकडाचा तुकडा शाळेत सर्वांत जास्त दिवस कुणाच्या गळ्यात राहिला असेल तर याच्या.

"बाई! या, या!" तो वस्तरा हातात घेऊनच ओरडला. "ए, नीट बसा रे सगळे. तोंडं धुतलीत का? आमच्या बाई आल्यात. बाई, झीरो मशीन मारू की नुसत्या कडा?"

बाकावरची दोन माणसं हसली. बाई हसल्या नाहीत.

"ओलुओच, मला एक वाचून हवंय."

"मी? तुम्हाला?" त्याने वस्तरा ठेवला. "बाई, सतरा वर्षं मी या दिवसाची वाट बघतोय, आणि आज मोबाइल चार्ज नाही, नाहीतर फोटो काढला असता."

"अथुमानी घरातून गेलाय."

सलूनमधलं हसू विरलं. ओलुओचने हात पुसले, कागद घेतला, दाराशी उजेडात गेला.

"अथुमानी म्हणजे... थांबा, निळं जाकीट? उंच? बाई, हा तर लामू!"

"लामू गावाचं नाव आहे."

"तुमच्या गावाचं. पोराचं पण तेच. इथे त्याला अथुमानी म्हणून कोण ओळखतो?" तो बाकाकडे वळला. "ए, लामू. बाईंचा लामू."

"तो नकला करणारा?" बाकावरचा एक जण म्हणाला आणि लगेच गप्प झाला.

"कुणाच्या नकला?" बाईंनी विचारलं.

बाकावरच्याने ओलुओचकडे पाहिलं. शेवटी ओलुओचने मान खाली घालून सांगितलं. "तुमच्या, बाई. म्हणजे वाईट नाही हो. तुम्ही भाजीवालीशी घासाघीस कशी करता ते. 'भगिनी, या पालेभाजीचे मूल्य किंचित अधिक वाटते.' लोळतात माणसं. परवाच्या शनिवारी इथे गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन हसत होतं. लामू बसला की माझी खुर्ची रिकामी राहत नाही."

बाई त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. अथुमानी कुणाला हसवू शकतो ही त्यांच्यासाठी बातमी होती. घरात तो इतका हळू बोलायचा की कधी कधी त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागे.

"काय लिहिलंय?"

ओलुओचने बोट फिरवलं. "आई, घाबरू नको, आधी सगळं वाच. ही पहिली ओळ. दुसरीत काम मिळालं असं आहे, आणि मंगळवार आहे. तिसरी... चौथीत तुमच्याबद्दल आहे काहीतरी. नाही बाई, माझ्याच्याने होत नाही."

"तू तर अशीच भाषा बोलायचास."

"आमची वेगळी होती. ही आत्ताच्या पोरांची." तो कागदाची घडी घालता घालता म्हणाला. "एक सांगू, रागावू नका. आम्ही पोलिसाला एक शब्द वापरायचो. तो तुम्हाला कळला. दुसऱ्या दिवशी आम्ही तो टाकला, नवा काढला. तो पण तुम्ही पकडलात. मग तिसरा. जेरिकोत पोलिसाला सोळा शब्द आहेत, त्यातले निम्मे तुमच्या वर्गातले. मोठ्या माणसाला कळला की शब्द मेला, असा हिशेब आहे. आता तर मीच मोठा माणूस झालो. मी आलो की पोरं बोलणं बदलतात."

"मग कुणाला विचारू?"

"गाड्या धुतात त्या भिंतीवर पोरं बसतात, लामूची टोळी तीच. पण बाई, ती सांगायची नाहीत. घरच्यांना अर्थ फोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी भिंतीवर जागा नसते. हे लाकूड-बिकूड काही नाही. फक्त जागा नसते."

बुधवारी दहा वाजता बाई भिंतीपाशी गेल्या. चौघं बसले होते. बाईंना बघून त्यांनी पाय खाली सोडले, एकाने टोपी काढली.

"अथुमानी कुठे आहे?"

"कोण अथुमानी, बाई?"

"लामू," त्या म्हणाल्या. आपल्या गावाचं नाव मुलाला लावताना त्यांची जीभ अडखळली.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांच्यात भराभर काही बोलणं झालं, बाईंच्या समोर, जणू मध्ये काच आहे. मी, तू, आम्ही, गेले, सांगू, नको. बाकीचे शब्द गाडीसारखे समोरून निघून गेले.

"तो कामाला गेलाय, बाई," टोपीवाला म्हणाला. "तुम्ही लोड घेऊ नका."

"कुठे?"

"ते नाही माहीत."

"कुणाबरोबर?"

"नाही माहीत, बाई."

"हे वाचून दाखव." त्यांनी कागद पुढे धरला.

टोपीवाल्याने कागद घेतला, डोळे ओळींवरून फिरले आणि चौथ्या ओळीवर थांबले. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. त्याने कागद दोन्ही हातांनी परत केला, जसा वर्गात करायचा असतो तसा.

"अक्षर कळत नाही, बाई," तो म्हणाला.

अक्षर बाईंचं होतं. चौतीस वर्षं फळ्यावर गिरवलेलं.

गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं. बाहेर एक मुलगी उभी होती, एकोणीस-वीसची, हातात उकडलेल्या अंड्यांची बादली. बसस्टॉपवर अंडी विकणारी नेकेसा. बाईंनी तिला शंभरदा पाहिलं होतं आणि एकदाही नाव विचारलं नव्हतं.

"आत येऊ का? दार लावा आधी." ती आत आली, बादली खाली ठेवली. "माझा भाऊ पण गेलाय. बरासा. पाच जण गेलेत. तुमच्याकडे कागद आहे असं कळलं. बरासाने मला काहीच लिहिलं नाही, म्हणून बघायला आले."

"तू मला वाचून दाखवशील?"

"माझं नाव घेणार नाही ना? भिंतीवर कळलं तर माझ्याकडून कुणी अंडं घेणार नाही."

"नाही घेणार."

नेकेसाने कागद नको म्हटलं, फोनच मागितला. खुर्चीच्या कडेवर बसून तिने एकेक ओळ वाचली आणि लगेच साध्या बोलीत सांगितली. आवाज नकळत मुलासारखा झाला.

"आई, टेन्शन घेऊ नको, आधी शेवटपर्यंत वाच. काम लागलंय, बाहेरच्या देशात, पाच जण आहोत, मंगळवारी पहाटे निघतोय. एजंट म्हणतो वॉचमनचं काम आहे, पण खरं सांगू, तो माणूस मला सरळ वाटत नाही. हे तुझ्या भाषेत सांगायला बसलो की मी परीक्षेला बसल्यासारखा होतो आणि अर्धं विसरतो, म्हणून एकदाच माझ्या भाषेत लिहितोय. तू नुसतं थांब म्हण, मी थांबतो."

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर जाहिरात चालली होती. बाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"शेवटची ओळ पुन्हा," बाई म्हणाल्या.

"तू नुसतं थांब म्हण, मी थांबतो."

नेकेसाचा अंगठा खाली सरकला. खाली बाईंचं उत्तर होतं. ते वाचायला कुणाची मदत लागत नव्हती. तिने ते वाचलं. काही क्षण तिच्या नाकपुड्या फुगल्या.

"तुम्ही म्हणजे ना, बाई..." ती म्हणाली, आणि पुढचं गिळलं. मग फोन त्यांच्या हातात ठेवला. "निदान तुम्हाला विचारलं तरी."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "थांब म्हणायला तुमच्यात काय म्हणतात?"

"कशाला?"

"त्याला लिहायचंय."

"आमच्या भाषेत नका लिहू. त्याला वाटेल फोन चोरीला गेला."

ती खरोखरच तसं म्हणाली, विनोद म्हणून नाही. बाईंनी मान हलवली. त्यांनी वहीचं पान घेतलं आणि आधी कागदावर लिहिलं, सवयीने. पहिल्या मसुद्यात अकरा ओळी झाल्या. त्यात क्षमा होती, वडिलांचा उल्लेख होता, एजंटांविषयी सावधगिरीची सूचना होती. सगळं शुद्ध होतं. नेकेसाने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे तर मुख्याध्यापकांचं पत्र वाटतंय." बाईंनी ते खोडलं. दुसरा मसुदा चार ओळींचा. तोही खोडला.

चार वाजून बावन्न मिनिटांनी त्यांनी पाठवलं: 'थांब. मी सगळं वाचलं. थांब, बाळा.'

बाजूला एकच राखाडी खूण उमटली. फोन बंद होता. नेकेसा सव्वापाचला बादली उचलून गेली. जाताना दोन अंडी टेबलावर ठेवून गेली. बाईंनी त्या रात्री तीच खाल्ली.

शुक्रवारी सकाळी खुणा दोन होत्या आणि निळ्या होत्या. बाईंना त्याचा अर्थ पक्का ठाऊक नव्हता, म्हणून त्या बसस्टॉपवर गेल्या आणि अंडं घेण्याच्या निमित्ताने फोन नेकेसापुढे धरला. नेकेसाने निरोपावर बोट दाबून धरलं आणि वेळ काढून दाखवली. वाचला: गुरुवार, संध्याकाळी सहा वाजून एकतीस मिनिटं.

"उत्तर?"

"नाही."

"येईल," नेकेसा म्हणाली, आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, "मीठ जास्त पाहिजे का, बाई?"

त्या दिवशी बाईंनी दाराची कडी काढून ठेवली. शनिवारी त्यांनी नारळाच्या दुधात कणीक भिजवून मंडाझी तळली, लामूला तळतात तशी, वेलची घालून. दोघांच्या घरात वीस झाली. संध्याकाळी बारा उरली, ती त्या डब्यात घालून भिंतीपाशी घेऊन गेल्या. तिघांनी एकेक घेतलं. टोपीवाल्याने दोन घेतली.

"आला का, बाई?" त्याने खाता खाता विचारलं.

"नाही."

"तो तुमची नक्कल करतो ना," टोपीवाला म्हणाला, "ती दुसऱ्या कुणी केली की चिडतो. एकदा मी केली तर बोलेना दोन दिवस." मग बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. एवढं बोलणंही नियमापेक्षा जास्त होतं.

बाईंनी त्या आठवड्यात आणखी तीन निरोप पाठवले. शुक्रवारी: 'कुठे आहेस?' शनिवारी: 'मंडाझी केलीत.' रविवारी सकाळी काय लिहावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी भाजीवालीबद्दल लिहिलं. पालेभाजीचे मूल्य आजही किंचित अधिक वाटले, असं. तिन्हींपुढे एकेकच खूण.

रविवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी नेकेसाला अनोळखी, लांबलचक नंबरवरून फोन आला. बरासा होता. फोन चाळीस सेकंद चालला. नेकेसा बादली तिथेच टाकून धावत आली आणि या वेळी तिने दार लावायला सांगितलं नाही.

"बरासा बोलला. ते पोचलेत. कुठे ते त्याला पण नीट सांगता येईना. पासपोर्ट काढून घेतलेत."

"अथुमानी?"

"चौघंच आहेत, बाई. लामू नाही." तिला धाप लागली होती. "दोन दिवस एजंटने विमानतळाजवळच्या एका खोलीत ठेवलं होतं, फोन बंद करून. गुरुवारी संध्याकाळी विमानतळाच्या दाराशी याने फोन चालू केला. बरासा म्हणतो, बघत उभा राहिला. मग हसला म्हणे. बॅग खांद्याला लावली आणि म्हणाला, मी घरी चाललो."

"मग?"

"एजंट त्याच्या मागे गेला. पासपोर्ट एजंटकडे होता ना सगळ्यांचा. थोड्या वेळाने एजंट एकटाच परत आला, म्हणाला, चला. बरासाला एवढंच माहीत आहे. फोन कट झाला."

बाई पुन्हा चौकीत गेल्या. हवालदार तोच होता. या वेळी त्याने सगळं लिहून घेतलं: एजंटचं पाच जणांना माहीत असलेलं एकच नाव, खोलीचा अंदाजे पत्ता, वेळा. पुरावा म्हणून निरोप नोंदवायचा होता. त्याने विचारलं, भाषा कोणती लिहू? बाईंनी सांगितलं, शेंग. मग पाचही ओळींचा अर्थ त्यांनी स्वतः सांगितला, कागद न बघता, एका दमात, आणि हवालदाराने उतरवून घेतला. आपलं उत्तरही त्यांनी सांगितलं. ते नोंदवायची गरज नाही असं तो म्हणाला. बाईंनी नोंदवायला लावलं.

विमानतळाच्या रस्त्यावरून जेरिकोला मताटू मिनीबसने पाऊण तास लागतो. सोमवारी हवालदार आणि आणखी एक शिपाई त्या खोलीवर जाऊन आले. खोलीला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी गुरुवारी आरडाओरडा ऐकला नव्हता, आणि निळ्या जाकिटाचा मुलगा पाहिल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. विमानतळावरच्या कॅमेऱ्यांसाठी अर्ज केला आहे, उत्तर यायचं आहे.

सोमवारीच दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी अथुमानीचा फोन कुठेतरी सुरू झाला. बाईंच्या तीन निरोपांपुढे दुसरी खूण उमटली. त्यांनी लगेच फोन लावला. सहा वेळा वाजला, मग बंद झाला. मंगळवारी सकाळपर्यंत तिन्ही निरोपांपुढच्या खुणा राखाडीच आहेत.